च्वानचौचे दगड: देव परदेशी, छिन्नी गावची

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर, तैवानच्या समोर, फुजियान प्रांत आहे. तिथल्या च्वानचौ शहरात काइयुआन नावाचं बौद्ध मंदिर आहे, सातव्या शतकात स्थापन झालेलं. मुख्य सभामंडपाच्या मागच्या ओसरीत गेलं की दोन खांब बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसतात. हिरवट-करड्या दगडाचे, सोळा बाजूंचे आणि वरपासून खालपर्यंत गोल चौकटींमध्ये कोरीवकाम केलेले. एका चौकटीत दोन झाडांच्या मधे बालकृष्ण आहे. दुसरीत तो कालियाच्या फण्यांवर उभा आहे. कुठे गोपींची वस्त्रं झाडावर गेली आहेत, कुठे नरसिंह हिरण्यकशिपूचं पोट फाडतो आहे, कुठे गजेंद्र मगरीच्या तावडीत सापडला आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ही चित्रं ओळखायला गाइड लागणार नाही.

मग प्रश्न पडतो की बुद्धाच्या देवळाच्या मागच्या ओसरीत कृष्ण कसा आला? ‘भारतीय व्यापारी तिथे जात होते’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. कारण च्वानचौत फक्त कृष्ण नाही. तिथे कमळातून उगवलेला क्रूस आहे आणि तो हातात धरून उडणारे देवदूत आहेत. ढगांच्या नक्षीखाली अरबीत कोरलेली कुराणवचनं आहेत. इराणकडून आलेल्या आणि जगातून जवळजवळ नाहीशा झालेल्या मानी धर्माच्या संस्थापकाची मूर्ती आहे, आणि तिची आजही पूजा होते. यातलं बहुतेक काम तेराव्या आणि चौदाव्या शतकातलं, म्हणजे शंभर-दीडशे वर्षांच्या आतलं.

हे सगळं एकत्र मांडायचं झालं की लिहिणारे सहसा ‘धर्मांचं संग्रहालय’, ‘सहिष्णुतेचं शहर’ असले शब्द वापरतात आणि मोकळे होतात. मला ते शब्द फसवे वाटतात. या दगडांकडे पाहताना कोणता धर्म हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. पैसे कोणी दिले, छिन्नी कोणी चालवली आणि पाहणारा कोण होता, हे आधी विचारावं. तसं केलं की हे दगड जास्त बोलतात.

वाऱ्यासाठी थांबलेलं शहर

आधी बंदराविषयी. अरब आणि युरोपीय प्रवासी च्वानचौला झैतून म्हणत. मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस इथे येऊन गेला, इब्न बतूता चौदाव्या शतकात. दोघांनीही जगातल्या सर्वांत मोठ्या बंदरांत त्याची गणना केली. सुंग राजवटीने १०८७ साली इथे सागरी व्यापाराचं सरकारी कार्यालय उघडलं. आलेल्या मालाची तपासणी, त्यावरची जकात, परदेशी व्यापाऱ्यांची सोय-गैरसोय, सगळं तिथून चाले. १९७४ साली बंदराच्या गाळातून एक बुडालेलं जहाज बाहेर काढलं. तेराव्या शतकातलं ते जहाज आडव्या भिंती घालून १३ कप्प्यांत विभागलेलं होतं आणि त्यात मुख्यतः सुगंधी लाकूड आणि मिरी होती. चिनी देवळांत जळणारा धूप, स्वयंपाकातली मिरी आणि औषधातली द्रव्यं यांवर या शहराची श्रीमंती उभी होती.

पण धर्मांची गर्दी नुसत्या व्यापाराने होत नाही, त्याला वाऱ्याचं वेळापत्रक कारण आहे. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, तेव्हा जहाजं दक्षिणेला निघतात. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की ती परत येतात. जो वाऱ्याबरोबर आला त्याला उलटा वारा सुटेपर्यंत थांबणं भाग. माल विकायचा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी भरायची, कर्जं वसूल करायची, आणि वाट बघायची. काही जण वर्षानुवर्षं थांबले, लग्नं केली, मुलं झाली. थांबलेल्या माणसाला देऊळ लागतं, मशीद लागते, आणि शेवटी पुरण्यासाठी जागा लागते. च्वानचौतल्या परदेशी कलेचा मोठा भाग कबरींचा आहे, तो याचमुळे.

चिनी अधिकारीही वाऱ्यापुढे हात जोडत. शहराबाहेरच्या च्यूरी डोंगरावर सुंग काळातले शिलालेख आहेत. व्यापार कार्यालयाचे आणि प्रांताचे अधिकारी तिथे जमून जहाजांना अनुकूल वारा मिळावा म्हणून सरकारी पूजा करत, आणि अमुक दिवशी अमुक जण हजर होते अशी नोंद कड्यावर कोरून ठेवत. आजच्या भाषेत सांगायचं तर महसूल खात्याची वार्षिक प्रार्थना. खलाशांची देवी माझू, तिचं देऊळ इथे ११९६ पासून. म्हणजे बाहेरच्यांचे देव आले तेव्हा गाव काही देवांशिवाय बसलेलं नव्हतं.

१२७६-७७ च्या सुमारास मंगोल सैन्य फुजियानमध्ये उतरलं. त्या वेळी च्वानचौचा सर्वांत बलाढ्य माणूस होता फू शौकेंग, परदेशी मुस्लिम घराण्यातला, सुंगांनी व्यापारावर नेमलेला. त्याने बाजू बदलली आणि जहाजांसकट शहर मंगोलांच्या हाती गेलं. मंगोलांच्या युआन राजवटीत परदेशी लोकांना चिनी प्रजेपेक्षा वरचा दर्जा होता, आणि धर्मगुरूंना करमाफी होती, ते मात्र सम्राटाच्या आयुष्यासाठी प्रार्थना करतील या बोलीवर. सहिष्णुता होती, पण ती राज्यकर्त्यांच्या सोयीची होती आणि तिची किंमत स्थानिक चिनी माणसाच्या मनात साचत होती. ती पुढे वसूल झाली.

तमिळ देऊळ

१९५६ साली च्वानचौत एक शिलालेख मिळाला. वरच्या ओळी तमिळ, शेवटची चिनी. शके १२०३, चैत्र महिना, म्हणजे इसवी सन १२८१ चा एप्रिल. संबंध पेरुमाळ नावाच्या माणसाने तिरुक्कदलीश्वरम् इथे शिवाची स्थापना केल्याचं त्यात म्हटलं आहे, आणि ही स्थापना ‘चेकचै खान’च्या आरोग्यासाठी, त्याच्या फर्मानानुसार केली आहे. तमिळ वाक्यात खान आणि फर्मान हे शब्द शेजारी शेजारी येतात. मंदिर शिवाचं, आयुष्य मागितलं मंगोल राजकर्त्याचं. करमाफीची जी बोली वर सांगितली, ती इथे दगडावर दिसते.

हे देऊळ आज उभं नाही. पण त्याचे आणि कदाचित इतरही हिंदू वास्तूंचे ३०० हून अधिक कोरीव तुकडे शहरात आणि आसपास सापडले आहेत. खांब, कोनाडे, कमळाच्या पाकळ्यांची जोती, उभी विष्णुमूर्ती, चौकटीत बसवायचे पट. एका पटावर हत्ती सोंडेने शिवलिंगाला फूल वाहतो आहे. दुसऱ्यावर गाय लिंगावर दुधाची धार सोडते आहे. हत्तीची गोष्ट तिरुच्चिरापल्लीजवळच्या तिरुवनैक्कावलची आहे: जांभळीच्या झाडाखालच्या लिंगाची हत्ती रोज पूजा करायचा आणि वर जाळं विणणाऱ्या कोळ्याशी त्याचं भांडण जुंपायचं. ही गोष्ट सगळीकडची नाही, ती कावेरीकाठची आहे. समुद्रापार गेलेल्या माणसांनी सर्वांना माहीत असलेला शिव तर नेलाच, पण आपल्या तालुक्याचा शिवही नेला. मला या पटांमधली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

आता दुसरा प्रश्न: छिन्नी कोणाची? दगड स्थानिक आहे, काइयुआनच्या खांबांचा तोच हिरवट-करडा दगड फुजियानमधल्या इतर कामांतही दिसतो. फुजियानचे पाथरवट हे आजही चीनमध्ये नावाजलेले लोक आहेत, विशेषतः च्वानचौजवळच्या हुईआनचे. काइयुआनच्याच आवारात ४० मीटरहून उंच असे दोन दगडी मनोरे आहेत, दोन्ही तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले, आणि लाकडी मनोऱ्याचा प्रत्येक सांधा त्यांत दगडात उतरवला आहे. त्यांतल्या पश्चिमेकडच्या मनोऱ्यावर तलवार घेतलेलं एक माकड कोरलेलं आहे. त्याचं नातं चिनी कथांतल्या वानरवीर सुन वूखोंगशी की हनुमानाशी यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, तो वाद इथे नको. मुद्दा असा, की इतकं काम करणारे हात ज्या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत, तिथे शिवालय बांधायला तंजावरहून कारागीर आणायची गरज नव्हती. बांधून घेणाऱ्याने बहुधा रेखाटनं दिली, तोंडी गोष्टी सांगितल्या, किंवा एखादा जाणकार शेजारी उभा केला.

परिणाम पाहण्यासारखा आहे. रचना चोळ देवळांची: तसाच खांब, तसाच कोनाडा, वर कीर्तिमुख. पण जवळ गेलं की कापडाच्या चुण्या चिनी वळणाने पडतात, फुलांत शेवंतीसारखी चिनी फुलं येतात, चेहऱ्याची ठेवण बदललेली असते. पाथरवटाने गोष्ट नीट ऐकली होती, पण हात त्याच्या सवयीने चालला.

ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. तमिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर एक विटांचा मनोरा होता, चिनी मनोरा म्हणून ओळखला जाणारा, आणि १२६७ साली काम पूर्ण झाल्याचा चिनी लेख त्यावर असल्याचं एका चिनी प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. तो १८६७ मध्ये पाडला गेला.

कमळावरचा क्रूस, आणि ठाण्याची हाडं

च्वानचौतले ख्रिश्चन म्हणजे दोन वेगळे गट, आणि त्यांचं एकमेकांशी फारसं सख्य नव्हतं. पहिला गट पूर्वेकडच्या सिरियन चर्चचा, ज्यांना युरोपीय लोक नेस्टोरियन म्हणत. हे लोक मध्य आशियातून, मंगोल आणि तुर्क टोळ्यांबरोबर आले. दुसरा गट रोमच्या पोपने पाठवलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांचा, संख्येने नगण्य पण पत्रं लिहिणारा. इतिहास लिहिणाऱ्यांना पत्र लिहिणारी माणसं फार उपयोगी पडतात.

पहिल्या गटाच्या कबरींवरचे दगड अप्रतिम आहेत. मधे क्रूस, त्याच्या खाली उमललेलं कमळ, कमळाखाली ढग. दोन्ही बाजूंना देवदूत, पंख आहेत, पण अंगाभोवती लांब फिती वाऱ्यावर उडताहेत. बौद्ध लेण्यांतल्या अप्सरा उडतात त्या फितींच्या जोरावर, पंखांची त्यांना गरज नसते. इथल्या देवदूताला पश्चिमेकडून पंख मिळाले आणि चीनकडून फिती. एका दगडावर तर चार पंखांचा देवदूत बुद्धासारखी मांडी घालून बसला आहे आणि डोक्यावर टोकदार मुकुट आहे. पाथरवटाला कोणी सांगितलं असेल की देवाचा दूत काढ, आकाशातला, पवित्र. त्याने आपल्याला ठाऊक असलेला आकाशातला पवित्र माणूस काढला.

अक्षरांचा घोळही मजेशीर आहे. एकाच दगडावर सिरियन लिपी, पण भाषा तुर्की; किंवा मंगोलांची चौकोनी ’फग्स-पा लिपी; किंवा चिनी. सिरियन लिपी आडवी लिहितात की उभी, याची कोरणाऱ्याला फिकीर नव्हती, चिनी सवयीने ती उभ्या ओळींत बसवली जायची. ज्याला अक्षर वाचता येत नाही तो अक्षराचं चित्र काढतो, आणि चित्र काढताना एखादी रेघ इकडची तिकडे होते. त्यामुळे आज हे लेख वाचणाऱ्यांची दमछाक होते.

१९५४ मध्ये सापडलेला एक दगड कलेच्या दृष्टीने साधाच आहे, पण कारभार समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला दुसरा नाही. तो १३१३ चा, मार श्लीमोन म्हणजे सॉलोमन नावाच्या बिशपचा. त्याच्या चिनी ओळीत बिशपचं पद लिहिलं आहे: यांगत्सेच्या दक्षिणेकडल्या प्रदेशातल्या मानी आणि ख्रिश्चन अनुयायांचा प्रमुख. सरकारी दप्तरात दोन संपूर्ण वेगळे धर्म एकाच माणसाच्या हाताखाली घातले होते, जणू एकाच फाइलचे दोन कागद. मानी पंथीयांना हे कसं वाटलं असेल कोण जाणे.

आता रोमचे संन्यासी. पेरुजिया गावचा अँड्र्यू हा झैतूनचा बिशप होता. १३२६ साली त्याने घरी पाठवलेलं पत्र टिकलं आहे. एका श्रीमंत आर्मेनियन बाईने शहरात मोठं चर्च बांधून दिलं, सम्राटाकडून त्याला भत्ता मिळतो, इथे प्रत्येक जण आपापल्या धर्माने राहू शकतो, असं तो सांगतो. आणि मग एक कबुली येते: मुसलमान आणि ज्यू यांच्यापैकी कोणीच धर्मांतर करत नाही, मूर्तिपूजक मात्र पुष्कळ बाप्तिस्मा घेतात, पण त्यानंतर ख्रिश्चन वाटेने सरळ चालत नाहीत. वरिष्ठांना लिहिलेल्या अहवालात असा प्रामाणिकपणा विरळाच. त्याच्या कबरीचा दगड १९४६ मध्ये मिळाला. लॅटिन अक्षरं इतकी झिजली आहेत की १३३२ हे वर्ष अभ्यासकांनी प्रयासाने लावलं आहे. लॅटिन लेखाच्या वर मात्र तीच गावठी मांडणी: उडणारे देवदूत आणि कमळावरचा क्रूस. रोमशी एकनिष्ठ असलेल्या बिशपच्या कबरीवर रोमच्या नजरेत पाखंडी ठरलेल्या चर्चची नक्षी बसली, कारण गावात ख्रिश्चन कबर कोरायची तर नमुना तोच होता.

या फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये आणखी एक गोष्ट ठेवलेली होती आणि ती आपल्याकडची. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. धर्मावरून झालेल्या वादातून स्थानिक मुस्लिम अधिकाऱ्याच्या काळात हे घडलं. त्यांच्याबरोबर आलेला जोर्डानस नावाचा, डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा संन्यासी तेव्हा ठाण्यात नव्हता, त्याने मागाहून येऊन त्यांना सोपाऱ्याला पुरलं. हे आपलं नालासोपारं. पुढे पोर्देनोनेचा ओडोरिक हा संन्यासी चीनला जाताना ठाण्याला उतरला, त्याने ती हाडं उकरून कापडात गुंडाळली आणि सोबत घेतली. मलबारकडे जाताना वारा पडला. आधी मूर्तिपूजकांनी आपल्या देवांना साकडं घातलं, मग मुसलमानांनी, मग ओडोरिक आणि त्याच्या सोबत्यांनी. काहीच होईना तेव्हा त्याने एक हाड गुपचूप समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं त्याने सांगितलं आहे. पुढच्या जहाजावर मेलेल्या माणसाचं हाड बाळगणं अपशकुनी मानत आणि बंदरात शिरण्याआधी झडती घेत, ती झडतीही त्याने चुकवली. झैतूनला फ्रान्सिस्कनांचे दोन मठ होते, तिथे त्याने ही हाडं ठेवली.

ठाण्यात मेलेली माणसं सोपाऱ्याला पुरली गेली आणि च्वानचौत पूजली गेली. हिंदी महासागराची चौदाव्या शतकातली वाहतूक किती सलग होती हे कळायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

चित्र नसलेली कला

मुसलमानांचा समाज सगळ्यात मोठा, सगळ्यात जुना आणि सगळ्यात श्रीमंत होता. त्यांच्या मशिदीच्या भिंतीवरचा अरबी लेख सांगतो की ती हिजरी ४०० मध्ये, म्हणजे १००९-१० ला बांधली आणि पुढे तीनशे वर्षांनी शिराझच्या अहमद नावाच्या गृहस्थाने तिची दुरुस्ती केली. १३५० च्या एका चिनी लेखाप्रमाणे तोवर शहरात सहा-सात मशिदी झाल्या होत्या. आज उभी आहे ती एकच, प्रार्थनागृहाचं छप्पर गेलेलं. तिचं उंच दगडी प्रवेशद्वार, एकामागे एक टोकदार कमानी, हे इराणकडून आलेलं बांधकाम. आणि तेच इथे अपवाद आहे, कारण च्वानचौतल्या परदेशी वास्तूंपैकी हीच आपलं मूळ रूप सर्वांत कमी सोडते.

कबरींत मात्र चिनी हात दिसतो. थडग्याखाली बौद्ध मूर्तीला असतं तसं पायऱ्यापायऱ्यांचं जोतं, त्यावर कमळाच्या पाकळ्या, वर अरबी सुलेखन, कडेला ढग. चित्र काढायचं नाही म्हटल्यावर सगळी कला अक्षरांत आणि कडेच्या नक्षीत गेली. मृताचं नाव, गाव आणि वडिलांचं नाव या दगडांवर असतं, त्यामुळे इराण, येमेन, मध्य आशिया असा जगाचा नकाशाच या दफनभूमीतून उभा राहतो. शहराबाहेरच्या लिंगशान टेकडीवर दोन कबरी आहेत. प्रेषित मुहंमदांच्या दोन अनुयायांच्या त्या असल्याचं परंपरा सांगते, अभ्यासक ते मानत नाहीत. १४१७ मध्ये आरमारप्रमुख चंग ह याने समुद्रप्रवासाला निघण्याआधी तिथे उदबत्त्या लावल्या, असं तिथला शिलालेख सांगतो. मुस्लिम कबरीवर उदबत्ती कशी, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडलेला दिसत नाही.

प्रकाशाचा बुद्ध

शहराच्या दक्षिणेला, च्यिनच्यांग भागातल्या ह्वाप्याव टेकडीच्या पायथ्याशी छाओआन नावाचं छोटं देऊळ आहे. आत खडकात कोरलेली दीड मीटरची मूर्ती आहे. पहिल्या नजरेला ती बुद्धाची वाटते. मग काही गोष्टी खटकू लागतात. बुद्धाचे केस आखूड कुरळे असतात, इथे सरळ केस खांद्यांवर रुळतात. हनुवटीखाली दाढीच्या दोन बटा आहेत. हात पोटापाशी एकावर एक, तळवे वर. मागची प्रभावळ लहरींसारख्या किरणांची. आणि सर्वांत देखणी युक्ती अशी की चेहरा, हात आणि वस्त्र यांचे रंग वेगळे आहेत, पण रंग लावलेला नाही. कोरणाऱ्याने खडकाचे नैसर्गिक पट्टे पाहून मूर्ती अशी बसवली की चेहरा हिरवट आणि हात गुलाबीसर यावेत.

हा मानी. तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात होऊन गेलेला, प्रकाश आणि अंधार यांच्या लढ्याची शिकवण देणारा, जरथुष्ट्र, बुद्ध आणि येशू यांना आपल्या आधीचे दूत मानणारा. त्याचा धर्म सातव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये पोचला, नवव्या शतकात त्यावर बंदी आली, आणि तो फुजियानच्या डोंगराळ कोपऱ्यांत टिकला. बाकीच्या धर्मांपेक्षा इथे एक मोठा फरक आहे. छाओआनची मूर्ती १३३९ साली घडली आणि दान देणाऱ्यांची नावं तिथे कोरलेली आहेत: छन आणि याओ घराण्यांतली. ही फुजियानमधली चिनी माणसं आहेत, आणि आईवडिलांच्या आत्म्याला गती मिळावी म्हणून दान दिल्याचं एका लेखात आहे. म्हणजे मानी धर्म तोवर परदेशी उरलाच नव्हता. जिथे परदेशी समाज आपलं देवालय उभारतो तिथे तो समाज संपला की देवालयही पडतं. जिथे गावाने देव स्वीकारला तिथे तो देव गावाबरोबर राहतो. १४४५ साली जवळच्या खडकावर मानीचं नाव घेऊन ‘प्रकाशाचा बुद्ध’ म्हणणारी सोळा अक्षरं कोरली गेली. १९७९ मध्ये आवारात काळ्या झिलईचा एक वाडगा निघाला, त्यात ‘मानी पंथमंडळ’ अशा अर्थाची चिनी अक्षरं होती. पंथ मेला, मूर्ती बुद्ध म्हणून जगली.

भिंतीत गेलेले देव

चौदाव्या शतकाच्या मध्याला युआन सत्ता ढासळू लागली. १३५७ मध्ये च्वानचौतल्या इराणी सैन्याने बंड केलं आणि जवळजवळ दहा वर्षं शहर त्यांच्या हातात, आपसातल्या कापाकापीसकट, राहिलं. १३६६ ला बंड मोडलं तेव्हा सूड परदेशी चेहऱ्याच्या सर्वांवर उगवला गेला. १३६८ ला मिंग राजवट आली आणि तिने लवकरच खासगी सागरी व्यापारावर बंदी घातली. जहाजं थांबली, तशी देणगीदारांची रांगही थांबली. देवळं पडली, कबरी उखडल्या, आणि तोडलेल्या चौकोनी दगडाला बाजारात भाव असतोच. शहराच्या तटबंदीत, पुलांत, घरांच्या पायऱ्यांत हे दगड बसवले गेले. काइयुआन मंदिराची मिंग काळात दुरुस्ती झाली तेव्हा शिवालयाचे दोन खांब मागच्या ओसरीत लागले, आणि सिंह व मानवमुखी सिंहांचे सत्तरहून अधिक पट सभामंडपाच्या जोत्यात बसले. ही तोडफोडच संग्रहालयाचं काम करून गेली. भिंतीच्या पोटात असलेलं कोरीवकाम ना पावसाने झिजलं ना कोणी पुन्हा तासलं.

विसाव्या शतकात रस्ते रुंद करण्यासाठी, आणि नंतर जपानशी झालेल्या युद्धाच्या काळात, तट पाडला जाऊ लागला, आणि दगड बाहेर पडू लागले. ते ओळखणारा माणूस पुरातत्त्व खात्यातला नव्हता. ऊ वनल्यांग, जन्म १९०३, जीवशास्त्र शिकलेले शाळामास्तर. पाडकामाच्या जागी जायचे, कामगारांकडून, दगडफोड्यांकडून कोरीव दगड विकत घ्यायचे, ठसे काढायचे, कुठे मिळाला ते लिहून ठेवायचे. अरबी, सिरियन, तमिळ यांतलं काहीही त्यांना येत नव्हतं. १९५० च्या दशकात त्यांनी संग्रह सरकारला दिला आणि १९५७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पुढे १९५९ साली शहरात सागरी इतिहासाचं संग्रहालय सुरू झालं आणि आज बहुतेक दगड तिथे आहेत. २०२१ मध्ये च्वानचौची २२ ठिकाणं युनेस्कोच्या यादीत गेली, त्यांत मशीद आहे, काइयुआन आहे आणि छाओआनही.

सगळं संग्रहालयात गेलं असं मात्र नाही. शहराजवळच्या छडियन गावात एका छोट्या देवळात चार हातांची एक देवी आहे, दोन्ही बाजूंना सेविका असलेली. जाणकार तिला तमिळ शिवालयातून आलेली देवी मानतात. गावकरी तिला क्वानयिन म्हणतात, करुणेची बौद्ध देवता, आणि नेमाने उदबत्ती लावतात.